पेयांचा हिशेब: वजन उतरवायचं असेल तर कपात, ग्लासात आणि बाटलीत काय बदलायचं

वजन कमी करायचं ठरलं की पहिली कात्री ताटाला लागते. तळलेलं बंद होतं, मिठाई बाजूला सरते, दोन घास कमी होतात. दिवसभरात कपातून, ग्लासातून आणि बाटलीतून काय पोटात गेलं, ते मात्र बहुतेकांच्या हिशेबात येतच नाही. महिनोन्महिने एकाच आकड्यावर अडलेल्या वजनाचं कारण अनेकदा तिथेच सापडतं. सुरुवात तिथून करायला आम्ही सांगतो, कारण गोड पेय कमी केल्याने भूक मारावी लागत नाही.

त्याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. चावून खाल्लेलं अन्न पोटात जास्त वेळ राहतं आणि पोट भरल्याची जाणीव देतं. पेय भराभर पुढे सरकतं आणि त्यातल्या कॅलरींची भुकेकडे नीट नोंद होत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात १५ जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरी गोड गोळ्यांतून दिल्या आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरी गोड सोड्यातून. गोळ्या खात होते तेव्हा त्यांचं बाकीचं खाणं आपोआप तेवढं घटलं. सोडा पीत होते तेव्हा खाणं घटलं नाही, वजन मात्र वाढलं.

मोठा पुरावा नेदरलँड्समधला, २०१२ सालचा. ६४१ मुलांना दीड वर्ष रोज २५० मिलीचा एक कॅन दिला गेला. काहींच्या कॅनमध्ये १०४ कॅलरींची साखर होती, काहींच्यात बिनसाखरेचं पण चवीला तसंच पेय. आपल्या कॅनमध्ये काय आहे हे मुलांना माहीत नव्हतं. मुलं वाढत्या वयाची, म्हणजे वजन सगळ्यांचंच वाढणार होतं. साखर असलेल्या गटाचं सरासरी ७.३७ किलो वाढलं, बिनसाखरेच्या गटाचं ६.३५ किलो. फरक होता तो रोजच्या एका लहान कॅनचा.

पायरी १: तीन दिवस नुसतं मोजा

दोन कामाचे दिवस आणि एक सुट्टीचा दिवस निवडा. या तीन दिवसांत काहीही बदलू नका. पाणी सोडून जे जे प्याल ते लगेच लिहा: काय, किती मिली, त्यात साखर किती चमचे, दूध किती. रात्री आठवून लिहिलं की निम्मं सुटतं, विशेषतः कोणी पुढे केलेला कप आणि मुलाच्या ग्लासात उरलेले दोन घोट.

त्याआधी घरातली मापं तपासून घ्या. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. तुमचा चमचा ‘एक चमचा’ म्हणजे किती हे अंदाजाने ठरवू नका. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवा, काटा शून्यावर आणा, रोज घालता तसेच दहा चमचे साखर घाला आणि आलेल्या वजनाला दहाने भागा. सपाट चमचा सुमारे ४ ग्रॅमचा भरतो, शिगोशीग भरलेला ६-७ ग्रॅमचा. म्हणजे ‘मी फक्त दोनच चमचे घेतो’ म्हणणाऱ्या दोन माणसांच्या कपांत ८ ग्रॅम आणि १४ ग्रॅम इतका फरक असू शकतो. कपाचंही तसंच. नेहमीच्या रेषेपर्यंत पाणी भरा आणि काट्यावर ठेवा. १ मिली पाणी म्हणजे १ ग्रॅम, त्यामुळे वेगळं मापपात्र लागत नाही.

पायरी २: कॅलरी आणि साखर मांडा

तीन आकडे पाठ असले की पुरे: १ ग्रॅम साखरेत ४ कॅलरी, १ ग्रॅम स्निग्धात ९, १ ग्रॅम मद्यार्कात ७. नेहमीच्या पेयांचे साधारण आकडे असे आहेत. १०० मिली साध्या कोलामध्ये १०.६ ग्रॅम साखर असते, म्हणजे ३३० मिलीच्या कॅनमध्ये ३५ ग्रॅम आणि १४० कॅलरी. संत्र्याचा रस १०० मिलीला ४५ कॅलरी, त्यात साखर ८-९ ग्रॅम. सायीसकट दूध १०० मिलीला ६५ कॅलरी, सायविरहित ३५. बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा किंवा कॉफी जवळजवळ शून्य.

आता एक पूर्ण दिवस मांडून पाहू. चार कप चहा, प्रत्येकात सपाट दोन चमचे साखर आणि ५० मिली सायीसकट दूध. एका कपात साखरेच्या ३२ आणि दुधाच्या ३२, म्हणजे ६४ कॅलरी. चार कपांच्या २५६. दुपारी एक कॅन कोला, १४०. सकाळी २५० मिली संत्र्याचा रस, ११२. बेरीज ५०८ कॅलरी. साखर चहातून ३२ ग्रॅम, कोलातून ३५, रसातून २२, एकूण ८९ ग्रॅम. दिवसाला २००० कॅलरींची गरज असलेल्या माणसाच्या ऊर्जेचा चौथा हिस्सा असा पिण्यातच संपला आणि जेवणाची भूक होती तेवढीच राहिली.

हे ८९ ग्रॅम कशाशी ताडून पाहायचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी, ५ टक्क्यांखाली आली तर आणखी चांगलं. २००० कॅलरींच्या आहारात ते ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम होतात. मुक्त साखरेत वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांच्या रसातली साखर येते. अख्ख्या फळातली आणि दुधातली नैसर्गिक साखर येत नाही. वरच्या उदाहरणात दूध मी साखरेत धरलं नाही ते म्हणूनच. त्याच्या कॅलरी मात्र धरल्या आहेत.

बाटलीवरचं लेबल वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. एक, आकडे ‘प्रति १०० मिली’ आहेत की ‘एका वाढीला’ (सर्व्हिंगला), हे पाहायचं राहून जातं. ५०० मिलीच्या बाटलीत अडीच वाढ्या छापलेल्या असतात आणि बाटली मात्र एकाच बैठकीत संपते. दोन, ‘साखर घातलेली नाही’ आणि ‘साखर नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. फळांचा आटवलेला रस घालून गोड केलेल्या पेयावर पहिलं विधान दिसू शकतं आणि साखर कोलाइतकीच असू शकते. घटकांच्या यादीत सुक्रोज, डेक्स्ट्रोज, ग्लुकोज पाक, कॉर्न सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, मध किंवा आटवलेला रस दिसला की तो साखरेच्या खात्यात टाका. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन नावांत यांपैकी काही असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही.

पायरी ३: एकच पेय निवडा, आणि ते रोजचं असू द्या

सगळं एकदम सोडू नका. तीन दिवसांच्या नोंदीत जे पेय दररोज आहे आणि ज्याची बेरीज सर्वांत मोठी आहे, तिथूनच सुरुवात करा. महिन्यातून एकदा समारंभात घेतलेल्या सरबताच्या मागे लागण्यात काही हशील नाही. वरच्या उदाहरणात मी आधी कोला काढीन, मग रस, आणि चहा शेवटी. चहा सवयीचा असतो, तो हळूहळू बदलावा लागतो.

चहा-कॉफीतली साखर उतरवायची रीत: दर दहा-बारा दिवसांनी कपामागे अर्धा चमचा कमी. दोन चमच्यांवरून शून्यावर यायला दीड महिना लागतो. पहिले तीन-चार दिवस कप फिका लागतो, मग जीभ रुळते. एकदम बंद करणारे बरेच जण आठवड्याभरात मूळ मापावर परततात, म्हणून हा सावकाश मार्ग. एक चूक वारंवार दिसते: साखर काढून त्या जागी मध घालणं. मधात सुमारे ८० टक्के साखरच असते आणि तो जड असतो. एक चमचा मध ७ ग्रॅमचा, २१ कॅलरींचा, तर एक सपाट चमचा साखर ४ ग्रॅमची, १६ कॅलरींची. म्हणजे अदलाबदल तोट्यातच जाते. ब्राउन साखरेनेही काही वाचत नाही.

पाकिटातली तयार कॉफी पिणाऱ्यांनी पाकिटामागचं वाचून घ्यावं. त्यात साखर आणि वनस्पती तेलापासून केलेली दुधाची पर्यायी भुकटी मिळून मोठा भाग असतो, कॉफी थोडीशीच. तिथे चमच्याने कमी करायची सोयच नसते, त्यामुळे साधी कॉफी आणि वेगळं दूध याकडे वळलेलं बरं.

कोलाबरोबर कॅफिनही बंद होत असेल तर बारा ते चोवीस तासांत डोकं दुखू लागतं, चिडचिड होते, झोप येते. हा त्रास दोन दिवसांच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि आठवडाभरात ओसरतो. ‘साखर सोडली म्हणून अशक्तपणा आला’ असं समजून लोक तिथेच माघार घेतात. रोजचे तीन कॅन असतील तर चार-पाच दिवसांनी एकेक कमी करा, डोकेदुखी टळते.

फळांचा रस

यावर थोडं थांबायला हवं, कारण रस पिणारा माणूस आपण आरोग्यासाठी काही चांगलं करतोय या भावनेने पितो. एक मध्यम संत्रं सुमारे ६० कॅलरींचं असतं, त्यात ३ ग्रॅम तंतू असतात, आणि सोलून खायला पाच मिनिटं लागतात. २५० मिली रसाला तीन-चार संत्री लागतात. तंतू चोथ्याबरोबर फेकले जातात आणि ग्लास अर्ध्या मिनिटात रिकामा होतो. एका बैठकीला चार संत्री कोणी सहसा खात नाही, तेवढी पितो मात्र सहज. घरी काढलेला, ताजा, बिनसाखरेचा रस असला तरी यात फरक पडत नाही. रसात जीवनसत्त्व क आणि पोटॅशियम असतं हे खरं, पण ते अख्ख्या फळातही असतं.

रस सोडवतच नसेल तर १२०-१५० मिलीचा छोटा ग्लास, जेवणाबरोबर, दिवसातून एकदा. स्मूदीत तंतू राहतात म्हणून ती रसापेक्षा बरी, पण केळं, दूध, मध, सुका मेवा असं घालत गेलं की ४०० कॅलरी सहज होतात. ते जेवण धरायचं, जेवणासोबतचं पेय नव्हे.

साखरेचा अर्धा भाग असलेलं फ्रुक्टोज मुख्यतः यकृतात वापरलं जातं. रोज मोठ्या प्रमाणात आणि पातळ रूपात आलं की यकृत त्यातून चरबी बनवू लागतं. रक्तातले ट्रायग्लिसराइड्स (एक प्रकारची चरबी) वाढणं आणि यकृतात चरबी साठणं याच्याशी गोड पेयांचा संबंध आहे. काट्यावर वजन ठीक दिसणाऱ्यांनाही हे लागू पडतं.

दूध आणि दुधाचे पर्याय

दूध हे अन्न आहे: प्रथिनं, कॅल्शियम आणि कॅलरी तिन्ही देणारं. दिवसाला एक-दोन ग्लास साधं दूध बंद करण्याचं कारण नाही. वजन उतरवायचं असेल तर कमी स्निग्धाचं घ्या. घोळ होतो तो दुधात ढवळायच्या चवीच्या भुकट्यांचा, कारण अनेकींमध्ये साखरच सर्वांत जास्त असते. ओट्सच्या ‘दुधात’ वरून साखर घातली नसली तरी बनवताना पिष्टमयाचं विघटन होऊन माल्टोज ही साखर तयार होते. बदामाचं पेय कॅलरीला हलकं, पण प्रथिनं त्यात जवळजवळ नसतात. दुधाऐवजी काही घ्यायचंच तर बिनसाखरेचं, कॅल्शियम घातलेलं सोयादूध प्रथिनांच्या बाबतीत सर्वांत जवळ येतं.

डाएट पेयं

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्याचा उपाय म्हणून कृत्रिम गोडी वापरू नये. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ही सूचना लागू नाही. त्याच वर्षी जुलैत ॲस्पार्टेमला (डाएट पेयांतली एक कृत्रिम गोडी) ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात टाकलं गेलं, त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिग्रॅम हीच कायम ठेवली. ६० किलोच्या माणसाला ती २४०० मिलिग्रॅम होते. एका कॅनमध्ये २००-३०० मिलिग्रॅम असलं तरी मर्यादा गाठायला आठ ते बारा कॅन लागतील.

आमचं मत असं: रोज तीन कॅन साखरेचा सोडा पिणाऱ्याने डाएट सोड्यावर येणं हा फायदाच आहे. तो टप्पा दोन-तीन महिन्यांचा ठेवा, मग साधं पाणी किंवा बिनगोडीचा सोडा. पाणीच पिणाऱ्याने डाएट पेय सुरू करण्यात काहीही फायदा नाही. आणि ‘डाएट घेतलं, आता केक चालेल’ हा हिशेब करू नका, वाचलेल्या कॅलरी तिथेच परत जातात. फिनाइलकीटोन्युरिया (प्रथिनांतला एक घटक शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात विकार) असलेल्यांना ॲस्पार्टेम वर्ज्य आहे.

व्यायामाची आणि ऊर्जा देणारी पेयं

खेळाडूंसाठीच्या पेयात साधारण ६ टक्के साखर असते: ५०० मिलीत ३० ग्रॅम, १२० कॅलरी. ६० किलोच्या माणसाचं अर्धा तास भरभर चालणं साधारण १३० कॅलरींचं. चालून येऊन ती बाटली घेतली की हिशेब मिटला. तासाभरापेक्षा कमी व्यायामाला पाणी पुरतं.

ऊर्जापेयाच्या २५० मिलीच्या कॅनमध्ये २७ ग्रॅमच्या आसपास साखर आणि ८० मिलिग्रॅम कॅफिन असतं. निरोगी प्रौढाने दिवसाला एकूण ४०० मिलिग्रॅम आणि गरोदर स्त्रीने २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या वर जाऊ नये. मुलांना ही पेयं देऊच नयेत. कॅफिन शरीरात निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कॅनमधलं निम्मं रात्री अकरालाही रक्तात असतं. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोडाची जास्तच.

मद्य

मिलीला टक्क्यांनी गुणा, १०० ने भागा, ०.८ ने गुणा: हे झाले मद्यार्काचे ग्रॅम. ३३० मिली, ५ टक्क्यांची बिअर: १३ ग्रॅम मद्यार्क, ९२ कॅलरी, धान्याच्या पिष्टमयासकट सुमारे १४०. ६० मिली, ४० टक्क्यांचं मद्य: १९ ग्रॅम, १३४ कॅलरी, आणि त्यात २०० मिली कोला घातला की वर ८५. शरीर मद्यार्क साठवू शकत नाही, म्हणून तो आधी जाळतं आणि तोवर चरबी जाळणं मागे पडतं. सोबतच्या खारट-तळलेल्या खाण्याचा हिशेब वेगळाच. मद्य कर्करोगकारक आहे हे १९८८ सालीच नक्की झालेलं आहे. ‘थोडी घेतली तर हृदयाला चांगली’ म्हणून सुरू करू नका.

पाणी किती

प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे २ लिटर आणि पुरुषाला अडीच लिटर पाणी लागतं, त्यात अन्नातून येणारा सुमारे पाचवा हिस्सा आणि चहा-दूधही धरलेलं आहे. उष्णता, घाम, ताप, स्तनपान यांत गरज वाढते. लघवीचा रंग फिका पिवळा असेल तर पुरेसं चाललं आहे. गर्द असेल तर कमी पडतंय. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांची लघवी तशीही गडद पिवळी दिसते, त्यांनी रंगावर जाऊ नये.

जेवणाआधी अर्धा तास ५०० मिली पाणी प्यायल्याने ५५ ते ७५ वयाच्या लोकांचं वजन बारा आठवड्यांत सुमारे २ किलो जास्त उतरल्याचं एका चाचणीत दिसलं. तेही कमी कॅलरींच्या आहाराच्या जोडीला. करून पाहायला हरकत नाही. गरम पाणी, लिंबू, व्हिनेगर यांनी चरबी वितळते असं मात्र काही नाही. थोड्या वेळात चार-पाच लिटर पाणी ढोसणं धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात.

कोणी आधी डॉक्टरांशी बोलावं

इन्सुलिन किंवा साखर घटवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर गोड पेयं एकदम बंद केल्यावर रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते, औषधाची मात्रा बदलावी लागेल. साखर खाली गेल्याची लक्षणं दिसली, थरथर, घाम, गोंधळ, तर मात्र १५ ग्रॅम साखर लगेच हवी: साधारण १५० मिली रस किंवा साधा कोला. डाएट कोला तिथे निरुपयोगी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी पाणी डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच प्यावं.

एक वर्षाखालच्या बाळाला रस आणि मध नकोच. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रस दिवसाला १२० मिलीच्या वर नको, आणि तोही बाटलीतून नव्हे, पेल्यातून. जुलाब झालेल्या मुलाला गोड सोडा किंवा रस दिल्याने आतड्यात पाणी ओढलं जाऊन जुलाब वाढतात. तिथे ओआरएसच (क्षार-साखरेचं पाणी) हवं. त्याच्या एका लिटरमध्ये फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं आणि ते क्षार व पाणी शोषलं जावं यासाठी असतं.

दातांसाठी घोट घोट पिणं वाईट. ५.५ च्या खाली पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) गेला की दाताचं एनॅमल विरघळू लागतं, कोला २.५ च्या आसपास असतो. घ्यायचंच तर जेवणाबरोबर घेऊन संपवा आणि ब्रश अर्ध्या तासाने करा.

वजन कसं तपासायचं

आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्यावर, शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी. कंबरही मोजा, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून. रोज २५० कॅलरी कमी झाल्या तर कागदावर महिन्याला सुमारे १ किलो उतरतो. प्रत्यक्षात पहिले महिने जवळपास तसं होतं, पुढे वेग मंदावतो, कारण हलक्या झालेल्या शरीराला कमी ऊर्जा लागते. चार आठवड्यांत काहीच हललं नाही तर नोंदवही पुन्हा उघडा. बहुतेक वेळा सोडलेल्या कॅनची जागा बिस्किटांनी घेतलेली असते.

आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. बदल फारसा केला नसताना वजन झपाट्याने उतरत असेल, सारखी तहान लागत असेल, रात्री लघवीला उठावं लागत असेल, तर त्याचं श्रेय पेयांना देऊ नका. ही मधुमेहाची लक्षणं असू शकतात. उपाशीपोटी रक्तातली साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) याच आठवड्यात तपासून घ्या. सोबत उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.